सुईच्या टोकाला नेढे देणारा इलायस हौ

राजे, सेनापती, कवी आणि संत यांची चरित्रे आपण शाळेपासून वाचत आलो. त्यांच्या पुण्यतिथ्या आपण पाळतो, त्यांचे पुतळे चौकाचौकांत उभे असतात. पण जे वस्त्र आपण रोज सकाळी अंगावर चढवतो, त्याची शिवण कोणाच्या बुद्धीतून निघाली हे विचारले तर किती जणांना सांगता येईल? मी हा प्रश्न वर्गातल्या मैत्रिणींना विचारून पाहिला. बहुतेकींनी सिंगरचे नाव घेतले. त्यात त्यांचा दोष नाही. जुन्या घरांतल्या यंत्रांवर तेच नाव सोनेरी अक्षरांत झळकत असे. पण शिवणयंत्राचा प्राण ज्यात आहे ती युक्ती ज्याने व्यवहारात आणली आणि कायद्याने आपल्या नावावर नोंदवली, तो माणूस निराळा. त्याचे नाव इलायस हौ. आणखी एक नवल असे की, जिला आपण 'चेन' म्हणतो आणि इंग्रजीत 'झिप' म्हणतात, तिच्या पूर्वजाची पहिली नोंदही याच गृहस्थाच्या नावावर आहे!

माझी आई लोकांचे कपडे शिवून देते. मशीनच्या आवाजातच माझा अभ्यास झाला. त्यामुळे दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या या अमेरिकन कारागिराची हकीगत वाचताना आपण परक्याचे चरित्र वाचतो आहोत असे मला वाटले नाही. वाचकहो, तीच हकीगत मी येथे थोडक्यात सांगणार आहे.

इलायस हौचा जन्म ९ जुलै १८१९ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात स्पेन्सर या गावी झाला. वडील शेतकरी; शेतीच्या जोडीला त्यांची गिरणी होती. घरात मुले पुष्कळ आणि प्राप्ती बेताची. त्यामुळे वयाच्या सहाव्या वर्षीच इलायस भावंडांबरोबर कामाला बसला. काम कसले? कापूस पिंजण्याच्या फण्यांसाठी चामड्याच्या पट्ट्यांत तारेचे दाते बसवायचे. पुढे ज्याच्या नावावर वस्त्र मिटवण्याच्या साधनाची नोंद व्हायची होती, त्याच्या बोटांना पट्ट्यांची ओळख अशी बालपणीच झाली. तो प्रकृतीने नाजूक होता आणि एका पायाने अधू होता. शेतातली अवजड कामे त्याला झेपत नसत. यंत्रांचे मात्र त्याला विलक्षण वेड.

१८३५ साली तो लॉवेल या गिरण्यांच्या गावी सूतकामाची यंत्रे बनवणाऱ्या कारखान्यात लागला. १८३७ च्या मंदीत ते काम गेले. मग फिरत फिरत तो बॉस्टनला ॲरी डेव्हिस नावाच्या कारागिराच्या दुकानात आला. तेथे नाविकांची आणि शास्त्रज्ञांची नाजूक उपकरणे बनत व दुरुस्त होत. याच दुकानात एके दिवशी कोणाशी तरी बोलताना मालकाच्या तोंडून निघून गेले की, शिवणारे यंत्र जो कोणी बनवील त्याचे भाग्य उजळेल. बोलणारा विसरला, ऐकणारा विसरला. कोपऱ्यात काम करणाऱ्या विशीतल्या पोराच्या मनात मात्र ते रुतून बसले.

१८४१ साली हौचे लग्न झाले. पत्नीचे नाव एलिझाबेथ. पगार आठवड्याला नऊ डॉलर. पाठोपाठ तीन मुले झाली. दिवसभर यंत्रांशी झुंजून हौ घरी येई तो इतका थकलेला की, कधी कधी जेवण्याचेही त्राण नसे. संसाराची तोंडमिळवणी करण्यासाठी एलिझाबेथ बाहेरचे शिवण घेऊ लागली. रात्री मुले निजली की दिव्याशी बसून ती हाताने शिवत असे आणि अंथरुणावर पडल्या पडल्या हौ तिच्या हाताकडे पाहत असे. सुई आत जाते, आरपार निघते, दोरा ओढला जातो, पुन्हा आत. तासन् तास तेच. या हाताचे काम लोखंडाला करता येणार नाही का, हा प्रश्न त्याला तेथे पडला.

प्रथम त्याने तिच्या हाताचीच नक्कल करून पाहिली. दोन्ही टोकांना अणकुचीदार आणि मध्यभागी नेढे असलेली सुई त्याने बनवली. ती काही चालेना. वर्षभराच्या खटपटीनंतर १८४४ साली त्याला उमगले की, यंत्राने माणसाच्या हातासारखे शिवण्याची गरजच नाही. हाताच्या सुईचे नेढे मागे असते, कारण अख्खी सुई कापडातून पार न्यायची असते. यंत्राच्या सुईला पार जायचे कारणच काय? तिने टोक आत घालावे आणि आल्या वाटेने परतावे. मग नेढे टोकापाशीच हवे! अशी सुई दोरा घेऊन कापडात शिरते आणि मागे फिरताना पलीकडे दोऱ्याचा एक इवलासा फास सोडते. त्या फासातून विणकराच्या धोट्यासारखा छोटा धोटा दुसरा दोरा घेऊन निघून जातो. दोन्ही दोरे कापडाच्या पोटात एकमेकांना मिठी मारतात आणि टीप पक्की बसते. आजही आईच्या मशीनच्या सुईला नेढे टोकाशीच आहे आणि खालचा दोरा बॉबिनमधूनच येतो. रानटी लोक टोकाला भोके असलेले भाले घेऊन अंगावर आले, असे स्वप्न हौला पडले आणि त्यावरून त्याला ही युक्ती सुचली, अशी एक आख्यायिका सांगतात. आख्यायिका गोड आहे. पण मला त्या स्वप्नापेक्षा दिव्याशी चालणारा तो जागा हात अधिक खरा वाटतो.

कल्पना सुचली, पण लोखंडाला पैसा लागतो. जॉर्ज फिशर नावाचा त्याचा बालमित्र लाकूड-कोळशाचा व्यापारी होता. पुढे मिळणाऱ्या हक्कातील अर्ध्या वाट्याच्या बोलीवर त्याने पाचशे डॉलर दिले आणि हौच्या कुटुंबाला आपल्या घरी ठेवून घेतले. माळ्यावर काम सुरू झाले. १८४५ च्या जुलैत त्या यंत्रावर दोन लोकरी पोशाखांच्या सगळ्या शिवणी घातल्या गेल्या. एक पोशाख फिशरसाठी, एक हौसाठी. पुढे हौने बॉस्टनच्या एका मोठ्या कपड्यांच्या कारखान्यात जाहीर पैज लावली. निवडक पाच शिवणारणी एकीकडे आणि यंत्र दुसरीकडे. त्यांनी प्रत्येकी एक शिवण घालायची, यंत्राने पाच. मिनिटाला अडीचशे टाके घालीत यंत्राने पाचही शिवणी आधी संपवल्या.

सर्वांनी वाहवा केली आणि यंत्र मात्र कोणीही घेतले नाही! तीनशे डॉलर ही किंमत शिंप्यांना परवडणारी नव्हती. शिवाय आपल्या पोटावर पाय येईल ही धास्ती होतीच. फ्रान्समध्ये तिमोनिए या शिंप्याने १८३० साली शिवणयंत्राचे पेटंट घेतले होते. त्याच्या कारखान्यातील यंत्रे पॅरिसच्या शिंप्यांनी मोडून टाकली होती. १० सप्टेंबर १८४६ रोजी हौला पेटंट मिळाले. पण कागदाने पोट भरत नाही. फिशरचाही धीर सुटला.

मग हौचा भाऊ अमासा यंत्र घेऊन इंग्लंडला गेला. लंडनमधील विल्यम थॉमस या कॉर्सेट बनवणाऱ्या व्यापाऱ्याने ते अडीचशे पौंडांना घेतले आणि कॉर्सेटच्या कामाला लावून देण्यासाठी आठवड्याला तीन पौंडांवर हौला बोलावून घेतले. १८४७ मध्ये हौ तेथे गेला, मागाहून कुटुंबही गेले. काम साधले तसे मालकाचे वागणे बदलले आणि हौ नोकरीवाचून परक्या शहरात उघडा पडला. एलिझाबेथला क्षयाने ग्रासले होते. उधारउसनवार करून त्याने तिला आणि मुलांना आधी परत पाठवले. मागून स्वतःला निघता यावे म्हणून त्याने काय गहाण टाकले असेल? आपले पहिले यंत्र आणि पेटंटचा कागद! बोटीवर स्वयंपाक्याचे काम करून त्याने प्रवासाची सोय केली आणि १८४९ च्या वसंतात तो न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरला, तेव्हा खिशात जेमतेम अर्धा क्राउन होता.

तेथेच त्याला निरोप मिळाला की, एलिझाबेथ शेवटच्या घटका मोजत आहे. गाडीभाड्याला पैसे नाहीत. वडिलांनी दहा डॉलर पाठवले तेव्हा तो कसाबसा तिच्या उशाशी पोहोचला. थोड्याच वेळात ती गेली. अंत्यविधीसाठी अंगावर घालण्याजोगा पोशाख नव्हता. मेव्हण्याचा मागून आणावा लागला. एका दिवसात सगळा पोशाख शिवील असे यंत्र ज्याने बनवले, तो पत्नीला निरोप द्यायला उसन्या कपड्यांत उभा होता! त्यानंतर काही दिवसांतच त्याचे घरसामान घेऊन येणारे जहाज फुटल्याची बातमी आली.

येथे कोणीही खचला असता. पण अमेरिकेत परतल्यावर त्याला दिसले की, आपण दूर असताना देशात शिवणयंत्रे बनू आणि विकू लागली आहेत, आणि त्या सर्वांच्या सुईला नेढे टोकाशीच आहे! लंडनमधून गहाणाचे यंत्र व कागद सोडवून आणून तो न्यायालयाची पायरी चढला. त्याचा सर्वांत बलाढ्य प्रतिस्पर्धी म्हणजे आयझॅक मेरिट सिंगर. हा नाटकात कामे करणारा, बोलका, हिकमती माणूस. न्याय्य बुद्धीने सांगायचे तर सिंगरने यंत्र खरोखर सुधारले. हौच्या यंत्रात कापड टाचण्यांनी एका पट्टीला उभे अडकवावे लागे, सुई आडवी चाले आणि पट्टीच्या लांबीइतकी शिवण झाली की कापड पुन्हा अडकवावे लागे. वळणाची शिवण घालता येत नसे. सिंगरने सुई उभी केली, कापड आडव्या पाटावर ठेवले, ते दाबून धरणारा फूट दिला आणि पायाने चालवण्याची सोय केली. पण टीप हौचीच होती.

खटल्यात सिंगरने एक जुना साक्षीदार उभा केला. न्यूयॉर्कच्या वॉल्टर हंटने १८३४ च्या सुमारासच टोकाशी नेढे असलेली सुई आणि धोटा यांचे यंत्र बनवले होते. पण हाताने शिवणाऱ्या गरीब बायकांची भाकर जाईल, या विचाराने त्याने ते पुढे नेले नाही व पेटंटही घेतले नाही. (आपण साडीला जी सेफ्टी पिन लावतो तिचे १८४९ चे पेटंट याच हंटचे, आणि तेही त्याने चारशे डॉलरना विकून टाकले.) जे टाकून दिले त्यावर हक्क राहत नाही, असे ठरले. १८५४ साली निकाल हौच्या बाजूने लागला आणि सिंगरला पंधरा हजार डॉलर मोजावे लागले. १८५६ मध्ये मोठ्या कारखानदारांनी व हौने आपापली पेटंटे एकत्र केली. देशात खपणाऱ्या प्रत्येक यंत्रामागे हौला पाच डॉलर मिळू लागले.

या खटल्यांच्या धामधुमीतच, २५ नोव्हेंबर १८५१ रोजी, हौच्या नावे आणखी एक पेटंट नोंदले गेले. कपड्याच्या उघड्या दोन कडा आपोआप मिटवणारे साधन, असा त्याचा विषय. कडांवरून सरकणाऱ्या आणि दोरीने एकमेकींना जोडलेल्या चिमट्यांची ती रांग होती. ओढली की कडा मिटायच्या. आजच्या चेनसारखे दाते तिला नव्हते. पण एका ओढीसरशी सबंध फट मिटवायची हा विचार तोच. हौने तो पुढे नेला नाही. सुईवरचा हक्क शाबीत करण्यातच त्याचे दिवस जात होते. त्यानंतर बेचाळीस वर्षांनी, १८९३ साली, व्हिटकॉम्ब जडसनने बुटांसाठी आकड्यांची चेन काढली. ती वारंवार उसवे. स्वीडनहून आलेल्या गिडिऑन सुंडबॅकने १९१३ मध्ये एका इंचात दहा-अकरा दाते बसवून आजची चेन सिद्ध केली. सुंडबॅकची पत्नी १९११ साली वारली होती आणि ते दुःख विसरण्यासाठी त्याने स्वतःला कामात बुडवून घेतले होते. हौची कहाणी ठाऊक असलेल्याला हा योगायोग चटका लावून जातो.

चेनचे आजचे सर्वांत नाजूक रूप म्हणजे इनव्हिजिबल चेन. फ्रॉकच्या किंवा कमीजच्या पाठीला ती लावली की, चेन आहे हेच कळत नाही. सरळ शिवण दिसते आणि वर रनरचा एक थेंब. ती लावण्याचा क्रमच उलटा. साधी चेन लावताना आधी शिवण घातली तरी चालते. इथे मात्र शिवण उघडी ठेवून आधी चेन लावायची आणि तिच्या खालची शिवण मागाहून पुरी करायची. आई प्रथम चेन उघडून मागच्या बाजूने कोमट इस्त्री फिरवते. दाते नायलॉनच्या वेटोळ्याचे असतात आणि आत वळलेले असतात. ते उभे झाल्याशिवाय सुई त्यांच्या मुळाशी पोहोचत नाही. इस्त्री जास्त तापली तर दातेच वितळायचे. मग चेनची सुलटी बाजू कापडाच्या सुलट्या बाजूवर पालथी ठेवून, शिवणीची माया सारखी राखून, कच्चा दोरा घालते. टीप मारताना दाते अंगठ्याने बाजूला उलटे धरायचे आणि सुई त्यांच्या मुळाला लागून चालवायची. सुई जराशी लांब गेली की चेनची पट्टी बाहेर डोकावते. फार जवळ गेली की रनर अडकून बसतो. रनरपाशी आले की थांबून टीप पक्की करायची. एक बाजू झाली की चेन मिटून पाहायची आणि कमरेची शिवण जेथे येते तेथे दुसऱ्या पट्टीवर खडूने खूण करायची. नाहीतर मिटल्यावर कमरेची रेघ डावी-उजवीकडे वरखाली दिसते. मग दुसरी बाजू. शेवटी चेनचे खालचे टोक बाजूला सारून उरलेली शिवण घालायची.

या कामाचे पैसे आई थोडे जास्त सांगते आणि गिऱ्हाइके तेथेच घासाघीस करतात. दिसत तर काही नाही, मग जास्त कशाबद्दल, असे त्यांचे म्हणणे. पण न दिसणे हेच तर त्या कामाचे कसब! हौचे आयुष्य वाचल्यापासून हा व्यवहार मला निराळाच दिसू लागला आहे. एलिझाबेथच्या रात्रींचा हिशेब तरी कोणी ठेवला? व्हीलर आणि विल्सन कंपनीने १८६१ च्या सुमारास मोजून दाखवले की, पुरुषाचा एक शर्ट हाताने शिवायला चौदा तास सव्वीस मिनिटे लागतात, यंत्राने एक तास सोळा मिनिटे. पण वाचलेले ते तेरा तास शिवणारणीच्या वाट्याला आले नाहीत. शर्टामागची मजुरी घटली आणि तेवढ्याच पोटासाठी तिला अधिक शर्ट शिवावे लागले. हंटने टाकून दिलेली ती शंका अगदीच खोटी नव्हती. तरी घरात स्वतःचे मशीन असलेल्या कित्येक बायकांनी त्याच टिपेवर संसार सावरले आणि मुले शिकवली, हेही तितकेच खरे. मी त्यांतल्याच एका घरातली आहे.

हौला पैसा मिळाला, आणि अमाप मिळाला; सुमारे वीस लाख डॉलर. पण त्याने गरिबीची आठवण सोडली नाही. १८६२ साली यादवी युद्धात तो त्रेचाळिसाव्या वर्षी, अधू पायानिशी, कनेटिकटच्या सतराव्या पलटणीत साधा शिपाई म्हणून भरती झाला. त्याच्याकडे पलटणीचे टपाल आणण्या-नेण्याचे काम होते. सरकारकडून पगार येईना तेव्हा या शिपायाने सबंध पलटणीचा पगार आपल्या खिशातून भागवला! १८६५ मध्ये ब्रिजपोर्टला त्याने स्वतःचा कारखाना काढला. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात त्याच्या यंत्राला सुवर्णपदक आणि त्याला फ्रान्सचा सन्मान मिळाला. त्याच वर्षी सप्टेंबरात पेटंटची मुदत संपली आणि ३ ऑक्टोबर १८६७ रोजी, वयाच्या अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, ब्रुकलिन येथे त्याचे निधन झाले. ब्रिजपोर्टला त्याचा पुतळा आहे, १९४० साली अमेरिकेने त्याच्या चित्राचे टपाल तिकीटही काढले. नाव मात्र सिंगरचेच घरोघर गेले.

याचा एक दाखला आपल्या देशातला आहे. महात्मा गांधी यंत्रांविषयी साशंक असत, पण शिवणयंत्राला त्यांनी अपवाद केला होता. १९२४ साली जी. रामचंद्रन यांच्याशी बोलताना त्यांनी सांगितले की, पत्नीला शिवणाचे कंटाळवाणे कष्ट करताना पाहून केवळ प्रेमापोटी सिंगरने हे यंत्र घडवले. कहाणी त्यांनी अचूक हेरली होती. नाव तेवढे बदलले होते. पत्नीच्या हाताकडे पाहत जागणारा तो हौ होता, आणि तो हात एलिझाबेथचा होता. ज्या हातासाठी यंत्र जन्माला आले त्याला त्या यंत्राचा एक दिवसही विसावा मिळाला नाही.

चांगली इनव्हिजिबल चेन कोठे आहे ते शोधावे लागते, पण तिच्यावाचून कपडा अंगात चढत नाही. संसारात आणि समाजातही अशी माणसे असतात. हौचे नाव निदान पुतळ्यावर आणि तिकिटावर राहिले. एलिझाबेथचे तेवढेही राहिले नाही. मैत्रिणींनो, यापुढे शिवणयंत्र कोणी काढले असे कोणी विचारले, तर ही दोन्ही नावे सांगा. आणि आपले कपडे शिवणाऱ्या हाताला मजुरी देताना, जे दिसत नाही त्याचेही मोल त्यात धरा.

— एक विद्यार्थिनी, तृतीय वर्ष कला